एका व्याधीचे सांगाती

गेल्या महिन्यात आमच्या पत्त्यावर एक अंतर्देशीय पत्र आले. अक्षर वळणदार, आरंभी साष्टांग दंडवत, सारी रीत जुनी. पण शेवटी नाव नाही आणि गावही नाही. मजकूर थोडाच होता. "मी दिंडीत वीणा धरणारा मनुष्य आहे. वय छप्पन. दिवाळीनंतर रक्त तपासले तेव्हा मधुमेह निघाला. घरी अद्याप बोललो नाही. आमच्याच दिंडीत आणखी दोघा-तिघांस हा रोग आहे असे कानांवर आहे. त्यांच्यापाशी जाऊन बसावे असे मनात येते, पण पाय उचलत नाही. शिवाय असे वाटते की, तेही रोगी आणि मीही रोगी; रोग्याने रोग्याला काय द्यावे? आपण शास्त्र शिकलेले आहात म्हणून विचारतो."

पत्राला नाव नसल्यामुळे उत्तर धाडता येईना. म्हणून ते येथे देत आहो. शास्त्र शिकलेले म्हणून विचारतो, असे त्यांनी लिहिले आहे. आमच्याजवळ या प्रश्नाचे जे काही उत्तर आहे, ते शास्त्राने कमी आणि फजितीने अधिक मिळालेले आहे. तरी शास्त्राची बाजू आधी मांडतो, कारण शंका खरोखरच तोलामोलाची आहे.

पाठशाळेत असताना आम्हांस दोन न्याय पाठोपाठ शिकविले गेले. एक अंधपरंपरान्याय. एका आंधळ्याने दुसऱ्याचा पदर धरायचा, दुसऱ्याचा तिसऱ्याने, आणि सगळी रांग सुखाने खड्ड्यात जायची. दुसरा अंधपंगुन्याय. आंधळ्याच्या खांद्यावर पांगळा बसतो. पांगळा वाट सांगतो, आंधळा पाय टाकतो, आणि दोघेही गावी पोहोचतात. सांख्यांनी पुरुष आणि प्रकृती यांचा संबंध समजाविण्यास हाच दृष्टान्त घेतला आहे. आता गंमत अशी की, दोन्हीकडे माणसे अधूच. मग एकीकडे खड्डा आणि दुसरीकडे गाव, हे कशामुळे? गुरुजींनी हा प्रश्न वर्गात विचारला होता आणि आम्ही मोठ्या ऐटीत उत्तर दिले होते की, एकीकडे सर्वांचे व्यंग एकच आहे, दुसरीकडे व्यंगे निरनिराळी आहेत, म्हणून. गुरुजींनी नुसती मान हलविली आणि पुढचा पाठ घेतला. त्यांनी मान होकाराची हलविली की नकाराची, हे आम्ही त्या वेळी पाहिले नाही. आमचे ते उत्तर खरे धरले तर पत्रलेखकाची शंका बिनतोड ठरते. कारण मधुमेही आणि मधुमेही यांचे व्यंग एकच. असो. हा धागा येथेच ठेवून आमची हकीकत सांगतो.

२०२२ च्या फेब्रुवारीत आम्हांस हा रोग असल्याचे ठरले. उपाशीपोटीची साखर १२६ किंवा वर गेली, अथवा मागच्या तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी नावाची तपासणी ६.५ किंवा वर आली, आणि फिरून तपासूनही तसेच दिसले, की मधुमेह म्हणतात. आमची ९ च्या पुढे होती. डॉक्टरांनी दोन गोळ्या लिहून दिल्या, एक कागद दिला, काय खावे व काय खाऊ नये ते सांगितले. चांगला मनुष्य, पण त्यांच्या दारात चाळीस माणसे बसलेली. आम्ही उठलो.

पहिली भावना भयाची नव्हती, लाजेची होती. हा रोग खादाडाचा, हा बसून खाणाऱ्याचा, अशी लोकसमजूत आहे; आणि आमच्या जुन्या ग्रंथांनी तिला थोडे बळही दिले आहे. चरकाचार्य प्रमेहाची कारणे सांगताना बसून राहण्याचे सुख आणि झोपेचे सुख यांच्यापासूनच आरंभ करतात; पुढे दही, नवे धान्य, गुळाचे पदार्थ येतात. कर्मविपाकाची पुस्तके तर रोगामागे पापच शोधतात. आम्ही अंगाने काटकुळे, जन्मभर उभे राहून कीर्तन केलेले; तरी लोक म्हणतील की महाराजांना सप्ताहांतली बुंदी भोवली. पुष्कळ पुढे आम्हांस कळले की, पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांत आया व मुले यांचा अभ्यास केला, आणि आपल्याकडचे मूल जन्मतः वजनाने हलके असले तरी त्याच्या अंगात चरबीचा वाटा अधिक असतो असे दाखविले. म्हणजे दिसायला बारीक माणूसही या रोगाला बळी पडू शकतो. हे आधी ठाऊक असते तर लाज गेली असती काय? वाटत नाही. लाज ही माहितीने जात नाही.

घरी सांगावे लागले, कारण गोळ्या लपत नाहीत. (पत्रलेखकांनीही ते लवकर सांगावे, डबा उघडून पाहण्याची वेळ घरच्यांवर आणू नये.) घरी सांगितले आणि दुसरे प्रकरण सुरू झाले. मंडळींनी साखरेचा डबा वरच्या फळीवर नेला. सून पोळ्या मोजून वाढू लागली. नातू ओरडून सांगे, "आजोबांनी केळं खाल्लं!" सगळे प्रेमाने चाललेले, पण प्रेमाच्या माणसांनी पहारा करावा आणि आपण चोर व्हावे, असा तो संसार झाला. बाहेर कोणास सांगितले नाही. सप्ताहात यजमान ताटात पुरणपोळी वाढीत, वर तुपाची धार धरीत, आणि "मला मधुमेह आहे" हे तीन शब्द आमच्या तोंडून निघत नसत. ज्या तोंडाने तासन्‌तास निरूपण करावे त्या तोंडाला तीन शब्द जड झाले! पोळी खाल्ली जाई, आणि रात्री घरी विचारले की आम्ही म्हणत असू, "फक्त वरणभात घेतला."

त्या वर्षी आषाढीची वारी दोन वर्षांच्या खंडानंतर पुन्हा पायी निघाली. पुणे ते सासवड हा टप्पा लांबचा, मध्ये दिवेघाट, आणि त्या दिवशी नेमकी ज्येष्ठ वद्य एकादशी. आम्ही पहाटे गोळी घेतली, कारण कागदावर सकाळी घ्यावी असे लिहिले होते. खाल्ले काही नाही, कारण एकादशी. दुपारी थोडी भगर घेतली तेवढीच. ही गोळी पोटात अन्न असो नसो, साखर उतरवीतच राहते, हे आम्हांस कोणी सांगितले नव्हते. खरे म्हणजे आम्ही विचारलेच नव्हते. उपवास करता का, असे डॉक्टरांनी विचारले तेव्हा "कधीमधी" म्हणून आम्ही मोकळे झालो होतो.

रात्री सासवडच्या मुक्कामी तंबूत आमचे कीर्तन होते. अर्धा तास बरे गेले. मग हात कापू लागला. घामाने अंगरखा पाठीला चिकटला, जीभ जड झाली, समोरचे दिवे दुहेरी दिसू लागले, आणि म्हणावयाचे पद ओठांवर येईना. एकच चरण आम्ही तीनदा म्हटला. टाळकऱ्यांना वाटले, महाराजांना प्रेमाचे भरते आले. त्यांनी विठ्ठलनामाचा गजर उचलला. श्रोते उठून उभे राहिले, काही रडू लागले. स्वेद, कंप, स्वरभंग, ही सात्त्विक भावांची नावे आम्हीच त्यांना कितीदा तरी शिकविलेली! चारदोन माणसे येऊन आमच्या पायांवर डोके ठेवू लागली.

तेवढ्यात बायकांच्या बाजूने एक वृद्ध बाई माणसे सारीत पुढे आल्या. लातूरकडच्या एका खेड्यातल्या; डोक्यावर तुळस घेऊन चालणाऱ्या. त्यांनी पदराची गाठ सोडली, कागदाच्या पुडीतली साखर तांब्यातल्या पाण्यात ओतली आणि तांब्या आमच्या तोंडाला लावला. म्हणाल्या, "महाराज, ह्यो भाव न्हाई. साखर उतरलीया. पिऊन टाका आधी." हे त्या हळूच म्हणाल्या. आम्ही प्यालो. पाऊण तासाने थरथर थांबली आणि कीर्तन कसेबसे उरकले.

त्या बाईंना हे कसे कळले? त्या तंबूत शिकलेली माणसे होती, एक निवृत्त प्राध्यापक होते, आमचे तीस वर्षांचे मृदंगवादक तर हातभर अंतरावर होते. कोणाला कळले नाही. कारण ते आमच्याकडे पाहत होते ते भक्तीने. त्या बाईंनी तोच घाम स्वतःच्या शेतात, स्वतःच्या अंगावर, अकरा वर्षांत पाचसहा वेळा अनुभवला होता. वैद्यालाही पुष्कळदा विचारून, बोट टोचून ठरवावे लागते, ते त्यांनी वीस हातांवरून ओळखले. रोगी रोग्याला काय देणार, या प्रश्नाच्या उत्तराचा एक तुकडा येथे आहे. पण तो तुकडाच आहे. सगळे उत्तर नव्हे.

कारण आमचे खरे पाप दुसऱ्या दिवशी सुरू झाले. सासवडला पालखीचा आणखी एक मुक्काम असतो. सकाळपासून माणसे येऊ लागली. "काल महाराजांना काय भाव आला!" असे म्हणून पाया पडू लागली. आम्ही नाही म्हटले नाही. हो असेही म्हटले नाही. डोळे मिटून घेतले. शास्त्रात याला दंभ म्हणतात, आणि त्यावर आमचे स्वतंत्र कीर्तन बसविलेले आहे.

जेजुरीच्या वाटेवर त्या बाई आमच्या बरोबरीने चालू लागल्या. आम्ही त्यांना मावशी म्हणतो, येथेही तसेच म्हणू. त्यांनी आमची विचारपूस केली नाही, पथ्य सांगितले नाही. पहिला प्रश्न असा, "गोळी कंची घेता?" आम्ही खिशातून पाकीट काढून दाखविले. त्यांना वाचता येत नाही, पण पाकिटाचा रंग पाहून म्हणाल्या, "हीच माझ्यापाशी हाय. उपासाच्या दिशी हिचं कसं करायचं ते डाक्टरला इचारून घ्या. माझ्या डाक्टरनं मला सांगितलंया, पर तुमचं तुम्ही इचारा." इतके साधे बोलणे, पण चार महिन्यांत प्रथमच आमच्याशी कोणी असे बोलले की ज्यात दयाही नाही आणि पहाराही नाही. मग आम्ही भडाभडा सगळे सांगितले. पुरणपोळी सांगितली, वरणभाताचे खोटे सांगितले, पाया पडणारी माणसेही सांगितली. त्यावर त्या थांबल्या. म्हणाल्या, "लोक पाया पडत्यात ते कुणाच्या? मग सांगा की त्यास्नी."

आठ दिवस आम्ही टाळाटाळ केली. शेवटी नातेपुत्याच्या मुक्कामी कीर्तनाच्या शेवटी सांगितले की, सासवडला तुम्ही पाहिला तो कंप भक्तीचा नव्हता. आम्हांस मधुमेह आहे आणि त्या दिवशी साखर उतरली होती. तंबू गप्प झाला. मागे कोणीतरी हसले. एक वडीलधारे गृहस्थ नंतर रागावून म्हणाले की, कीर्तनाच्या गादीवरून असल्या गोष्टी बोलावयाच्या नसतात. त्यांचे सर्वस्वी चूक होते असे आम्ही म्हणत नाही. ज्याने चारचौघांत खोटा मान घेतला त्याने तो चारचौघांतच परत केला पाहिजे, म्हणून आम्हांस ते करणे भाग होते. पत्रलेखकांनी असा मान घेतलेला नाही. त्यांना दवंडी पिटण्याचे कारण नाही. त्यांना दोघा-तिघांपाशी बोलावयाचे आहे, आणि ती गोष्ट निराळी आहे.

पण त्या रात्री एक नवल झाले. माणसे पांगली तरी अकरा जण मागे रेंगाळले. पाया पडण्यासाठी नव्हे. एकाने धोतराच्या कनवटीतून गोळ्या काढल्या. एकीने पिशवीतून घडी घातलेला तपासणीचा कागद काढला. त्यांत आमचे मृदंगवादकही होते! तीस वर्षे ज्यांच्या हाताखालच्या बोलावर आम्ही उभे राहिलो, त्यांना सहा वर्षांपासून हा रोग, आणि आम्हांस चार महिन्यांपासून. दोघे एका तंबूत निजत होतो आणि दोघेही पाठ करून गोळी घेत होतो. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पाहणीचे आकडे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत या देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही असल्याचे म्हटले आहे. दहा कोटी माणसे, आणि जो तो आपल्याला एकटा समजून पाठ फिरवून गोळी घेतो.

नातेपुत्यापासून पंढरीपर्यंत आम्ही रोज हरिपाठानंतर घटकाभर एकत्र बसू लागलो. बोलणे काय होई? फार थोर काही नाही. कोणाला रात्री चारदा उठावे लागते, कोणाच्या तळव्यांना मुंग्या येतात, कोणाला साबुदाण्याने साखर चढते हे खरे वाटत नव्हते. (साबुदाणा म्हणजे कंदाचे निव्वळ पिष्ट, तो उपवासाला चालतो, पण साखरेला चालत नाही. आमच्या एकादशीने किती जणांची साखर वाढविली असेल, देव जाणे.) मावशींनी एक प्रघात पाडला. या रोगात काहींच्या पायांची जाण जाते. काटा रुतला, फोड आला, तरी कळत नाही. आणि आपला तळवा आपणांस नीट दिसत नाही. म्हाताऱ्या माणसाला तर पाय उचलून पाहणेच होत नाही. म्हणून बॅटरीच्या उजेडात प्रत्येकाने शेजाऱ्याचे तळवे पाहावयाचे. वारकरी एकमेकांच्या पाया पडतात ही आपली जुनीच चाल आहे. जन्मभर आम्ही तसे वाकत आलो. पण वाकून समोरच्याचा पाय खरोखर पाहिला तो त्या मुक्कामांत प्रथमच. मृदंगवादकांच्या टाचेत बाभळीचा काटा होता. दोन दिवसांचा असावा. त्यांना पत्ता नव्हता.

वारीनंतर सगळे आपापल्या गावी गेले. आता फोनवर एक गट आहे. तेवीस माणसे आहेत. बार्शीचा शिंपी नांदेडच्या मास्तरांना सकाळी विचारतो, "आज किती?" मावशींना लिहिता येत नाही, त्या बोलून पाठवितात. आरंभी आम्ही त्या गटात थोडे सांभाळूनच असू. एकदा साखर २१२ आली आणि आम्ही १५२ लिहून धाडली. महाराजांची साखर २१२ शोभत नाही! त्याच सकाळी मावशींचा आवाज आला, "माझी दोनशे साठ हाय. काल नातीचं लगीन, बुंदी खाल्ली. आजपास्नं नीट." आम्ही पाच मिनिटे फोन हातात धरून बसलो आणि मग १५२ खोडून २१२ लिहिले. आता विचार करावा. आमच्या सुनेने विचारले असते तर आम्ही १५२ वरच राहिलो असतो. डॉक्टरांनी विचारले असते तरी बहुधा राहिलो असतो. सत्य बोलण्याचे बळ आम्हांस मावशींच्या उपदेशाने आले नाही. त्यांच्या २६० ने आले. ज्याच्यापाशी स्वतःचा आकडा आहे आणि तो जो सांगतो, त्याच्यासमोर खोटे बोलणे अवघड जाते.

आमच्या दिंडीच्या सेवेला येणाऱ्या एका तरुण डॉक्टर मुलीला ही हकीकत सांगितली तेव्हा तिने अमेरिकेतला एक प्रयोग वाचून दाखविला. तो २०१० साली प्रसिद्ध झाला. माजी सैनिकांच्या दोन रुग्णालयांतले २४४ मधुमेही पुरुष घेतले. काहींना परिचारिकेच्या देखरेखीखाली ठेविले. काहींच्या जोड्या लावल्या आणि जोडीदारांनी आठवड्यातून एकदा एकमेकांना फोन करावा असे ठरविले. सहा महिन्यांनी पाहिले तो परिचारिकेकडच्या गटाची सरासरी ७.९३ वरून ८.२२ वर चढलेली, आणि जोडीदारांची ८.०२ वरून ७.७३ वर उतरलेली. यात परिचारिकेची निंदा नाही. पण तिला रोग्याकडून काही घ्यावयाचे नव्हते. जोडीदाराला मात्र फोन करताना हे ठाऊक असे की, पलीकडचाही माझ्या फोनची वाट पाहत आहे. घेणाऱ्याला देणाराही होता आले, एवढाच काय तो फरक.

हे ऐकून आम्ही हुरळलो. तेव्हा त्याच मुलीने केरळातला दुसरा प्रयोग सांगितला. मधुमेह अजून झालेला नाही पण होण्याचा धोका मोठा आहे, अशी सुमारे हजार माणसे. त्यांच्यातल्याच माणसांना थोडे शिकवून त्यांच्या हाती गट दिले होते. दोन वर्षांनी मोजले, तर गटांतल्यांपैकी १४.९ टक्के आणि बाकीच्यांपैकी १७.१ टक्के मधुमेही झाले होते. हा फरक गणिताने खात्रीचा ठरत नाही. भाजी-फळे खाणे सुधारले, जगणे थोडे बरे वाटू लागले, पण रोग टळलाच असे छातीवर हात ठेवून सांगता आले नाही. हे २०१८ साली प्रसिद्ध झाले आहे. म्हणून सांगतो की, संगतीला आम्ही औषध म्हणत नाही. गोळी ती गोळी.

आता जे लिहावयाचे ते लिहिण्यास हात मागे सरतो.

२०२३ च्या वारीआधी गटात चालण्याविषयी बोलणे निघाले. आम्हांस आमची विद्या आठवली. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात प्रमेहाच्या प्रकरणी एक सुंदर भाग आहे. तेथे निर्धन व निराधार प्रमेह्याला अनवाणी, छत्रीवाचून, भिक्षेवर राहून मुनीसारखे शंभर योजने चालावयास सांगितले आहे. चार कोसांचे एक योजन, म्हणजे चारशे कोस! आम्ही गटात लांबलचक निरूपण केले. म्हटले, पाहा, आपली वारी म्हणजे सुश्रुताचार्यांचीच आज्ञा. सगळ्यांनी हात जोडल्याची चित्रे पाठविली. एकट्या मावशी तेवढ्या बोलल्या, "महाराज, पोथी खरी आसंल, पर माझ्या पायाला काटा कळत न्हाई." आम्ही उत्तर दिले नाही. अडाणी बाईला शास्त्रार्थ काय सांगावा, असे मनात आले होते. ते येथे लपवीत नाही.

गटातले एक बागायतदार त्या वर्षी आळंदीपासून अनवाणी निघाले. पाऊस लांबला होता, डांबर तापलेले होते. लोणंदच्या पुढे आम्ही त्यांना पाहिले, आणि खरे सांगतो, पाहून आम्हांस समाधान वाटले. बरडच्या मुक्कामी मावशींनी त्यांच्या तळव्यावर बॅटरी धरली. अंगठ्याखाली फोड फुटून काळा पडला होता. त्यांना वेदना नव्हती, हसून म्हणाले, "थोडं सोललंय." पुढच्या आठवड्यात रुग्णालयात त्यांचा उजवा अंगठा काढावा लागला.

घरी परतल्यावर आम्ही सुश्रुतसंहिता पुन्हा काढली. त्याच ग्रंथात, सूत्रस्थानात, मधुमेह्याची जखम मोठ्या कष्टाने बरी होते असे स्पष्ट सांगितले आहे. ते स्थळ आम्हांस विद्यार्थिदशेपासून ठाऊक होते. चालण्याचे स्थळ आठवले, जखमेचे आठवले नाही. कारण चालण्याच्या स्थळाने सभा जिंकता येत होती. ग्रंथाचा यात काही दोष नाही. ज्याची पायांची जाण गेली आहे अशा माणसाला अनवाणी चालावयास लावणे आज कोणताही समंजस वैद्य, आयुर्वेदाचा असो वा दुसरा, मान्य करणार नाही.

आम्ही त्यांच्या गावी भेटावयास गेलो. क्षमा मागावी म्हणून वाक्ये जुळवून नेली होती. त्यांनी चहा मागविला, बिनसाखरेचा, दोघांनाही. म्हणाले, "महाराज, तुमच्यावर ढकलून मला काय मिळायचंय? मावशी पण बोलल्याच होत्या की. मला तुमचं बरं वाटलं, म्हणून तुमचं ऐकलं." आम्हांस त्यांच्या या बोलण्याने सुटल्यासारखे वाटले नाही, आणि त्यांनी सोडविण्यासाठी ते म्हटलेही नसावे.

गुरुजींनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्या परतीच्या एस.टी.त सापडले. अंधपंगुन्यायातला आंधळा पांगळ्याला सांगतो की मला दिसत नाही. पांगळा आंधळ्याला सांगतो की मला चालता येत नाही. हे बोलणे झाल्यावरच एकजण दुसऱ्याच्या खांद्यावर बसतो. अंधपरंपरेतला पहिला आंधळा मात्र आपण आंधळे आहो हे मागच्याला सांगतच नाही; मुकाट्याने पदर धरू देतो. व्यंग एक की निरनिराळे, याच्याशी खड्ड्याचा संबंध नाही. मावशी आणि आम्ही यांचे व्यंग एकच, तरी त्यांनी आम्हांस सासवडला वाचविले. कारण त्या जे सांगत ते स्वतःच्या अंगावरून सांगत, आणि त्याच्या पुढचे "डाक्टरला इचारा" म्हणून सोडून देत. आम्ही सुश्रुताचार्यांच्या नावाने बोललो तेव्हा आम्हांस स्वतःला वर्षभराचाच अनुभव होता आणि आमच्या पायांची जाण शाबूत होती. पण ते आम्ही सांगितले नाही. फक्त पदर पुढे केला.

येथे कोणी म्हणेल, मग या संगतीत शिकलेल्याने तोंडच उघडू नये काय? उघडावे. पण जे वाचले ते वाचले म्हणून सांगावे आणि जे भोगले ते भोगले म्हणून सांगावे. दोहोंची सरमिसळ करू नये. आमच्या गटात आता कोणी "अमुक काढा घ्या, मधुमेह मुळापासून जाईल" असे पाठविले की मास्तर एवढेच विचारतात, "तुम्ही घेतला होता का? किती दिवस? आधी किती होती, नंतर किती?" बहुतेक वेळा पुढे काही येत नाही.

बागायतदार आता जाड तळाच्या चपला घालून चालतात. दर दशमीला रात्री ते उजव्या पायाचे छायाचित्र काढून धाडतात. गटात नव्हे, आधी आम्हांस. "महाराज, तुम्ही बघा," एवढेच लिहिलेले असते. आम्ही चष्मा लावून चारही बोटे, बोटांच्या मधल्या फटी आणि अंगठ्याच्या जागचा व्रण नीट पाहतो, आणि मग आमच्या पायाचे छायाचित्र त्यांना पाठवितो.

पत्रलेखक महाराज, येत्या आषाढीस सासवडच्या मुक्कामी हरिपाठ आटोपल्यावर वीस-पंचवीस माणसे बॅटऱ्या लावून एकमेकांचे तळवे पाहताना कोठे दिसली तर तेथे या. नाव सांगितले नाही तरी चालेल. गोळ्यांचे पाकीट मात्र खिशात असू द्या, कारण मावशी पहिल्यांदा तेच मागतील. वीणा खाली ठेवता येत नाही हे आम्हांस ठाऊक आहे; घटकाभर दुसऱ्या कोणाच्या गळ्यात देऊन या.